भर घालायचा दिवस

दार उघडलं आणि वास आला नाही.

वास न येणं ही काही सांगण्यासारखी घटना नव्हे, हे मला कळतं. पण या तळघराच्या लोखंडी दारामागे तो कायम माझी वाट बघत उभा असायचा. आधी स्पिरिटचा झोत नाकात जायचा, डोळ्यांत पाणी यायचं, मग मागून जुन्या कागदाचा आणि ओल्या सिमेंटचा वास यायचा आणि अगदी शेवटी, तळाशी बसलेला, माशांचा. नागपूरहून नवी नवी आले तेव्हा या वासानं मला मळमळायचं. पुढे तो माझ्या स्वेटरला लागला, केसांना लागला, डब्यातल्या पोळीलाही लागला आणि माझाच होऊन गेला. लग्नानंतर मंदार, माझा नवरा, म्हणायचा की तुझ्या कपाटातून दवाखान्यासारखा वास येतो. दवाखान्याचा नाही, तळ्याचा आहे, असं मी त्याला सांगायचे.

या सप्टेंबरात दार उघडलं तर आत ताज्या रंगाचा वास होता आणि फरशी पुसायच्या लिंबाच्या साबणाचा. मांडण्या जागच्या जागी होत्या, पण रिकाम्या. लाकडी फळ्यांवर बरण्यांच्या बुडांची वर्तुळं उमटलेली होती, एकमेकांना खेटून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी एका वर्तुळावर हात ठेवला. बरणीखालचं लाकूड अजून नव्यासारखं पिवळं होतं.

टॉम माझ्या मागे उभा होता. टॉम म्हणजे या संग्रहाची देखभाल करणारा माणूस. आम्ही दोघं एकाच वर्षी इथे आलो, मी शिकायला आणि तो नोकरीला.

"मी सुट्टीवर होतो," तो म्हणाला. "गुडघ्याचं ऑपरेशन. परत आलो तोवर ट्रक येऊन गेला होता."

"कुठे गेल्या बरण्या?"

"डिस्पोजलला. मासे जाळले. अल्कोहोल वेगळं नेलं."

मला रडू येईल असं त्याला वाटलं असावं. त्यानं खिशातून टिश्यूही काढून ठेवला होता. मला रडू आलं नाही. मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि आज हे लिहितानाही तसंच वाटतंय.

हे गाव कुठलं आणि विद्यापीठ कुठलं, ते मी सांगणार नाही. मिनेसोटात आमचं घर आहे ईडन प्रेरीला, तिथल्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. तिथून सकाळी निघालं, विस्कॉन्सिन ओलांडलं आणि उत्तरेकडे वळलं की संध्याकाळपर्यंत हे गाव येतं. दर सप्टेंबरला मी एकटी गाडी घेऊन इथे येते. या वर्षी संग्रह नव्या इमारतीत हलवायचा होता, म्हणून बांधाबांध करायला दोन दिवस आधी आले. बरण्यांना गुंडाळायला घरातल्या जुन्या चादरी आणल्या होत्या. त्या गाडीच्या डिकीत तशाच राहिल्या.

त्या बरण्या रूथबाईंच्या. आडनाव सांगत नाही, कारण त्यांना स्वतःलाच ते कधी आवडलं नाही. आधी ते वडिलांचं होतं, मग नवऱ्याचं झालं, नवरा सोडल्यावर पुन्हा वडिलांचं. "यातलं माझं कुठलं?" असं त्या विचारायच्या. इथले विद्यार्थी प्राध्यापकांना सरळ पहिल्या नावानं हाक मारतात. माझ्या जिभेला ते वळेना. रूथ म्हणायला तोंड उघडलं की मागून आपोआप बाई यायचं. त्यांनी अर्थ विचारला तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे शाळेत शिकवणारीला असं म्हणतात. "डॉक्टरपेक्षा बरं आहे," त्या म्हणाल्या. त्यानंतर माझ्या पेपरांवर लाल शेरे मारून खाली त्या बाई अशीच सही करायला लागल्या. अर्थात आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. पण आता माझ्या कानात त्यांचं बोलणं मराठीतच वाजतं, त्याला माझा इलाज नाही.

बाईंचं लहानपण याच भागातलं. वडिलांची तळ्याकाठी मासे धुरवायची शेड होती, मेपलच्या लाकडाचा धूर, खारवलेले मासे तारेवर ओळीनं टांगलेले. शाळेतून आलं की पोरीनं मासे साफ करायचे. इतर पोरं पोटातली घाण बादलीत फेकत, ही ती बोटांनी उलगडून बघत बसायची. कुणाच्या पोटात गोगलगाय, कुणाच्या पोटात दुसरा मासा, एकाच्या पोटात शर्टाचं बटण. वडील ओरडायचे की हातातलं काम संपव. हेच काम आहे हे त्यांना कळायला फार वर्षं लागली, असं बाई म्हणायच्या.

आणि आईचं तळघर होतं. पीच, बीट, टोमॅटो, काकड्या, सगळ्या हिवाळ्याची बेगमी काचेच्या बरण्यांत. एका सप्टेंबरात रूथनं आईच्या व्हिनेगरच्या बरणीत बोटभर लांबीचा पर्च बुडवला आणि तो बीटांच्या मागे लपवला. पर्च हा इकडच्या तळ्यांतला साधा मासा, अंगावर वाघासारखे पट्टे, पोटाखालचे पंख केशरी. बर्फ वितळल्यावर तो आईच्या हाती लागला. पोरीला मार बसला. "पण मासा टिकला होता," हे सांगताना म्हातारपणीही बाईंचे डोळे चमकायचे.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली, त्या विद्यापीठात आल्या. संशोधनाची मोठी बोट मोठ्या सरोवरावर जायची, आठवडाभर राहायची. बोटीवर मुलींना घेत नसत. का, तर बोटीवर बायकांसाठी वेगळं बाथरूम नाही. एका माणसाचं आख्खं शिक्षण बाथरूमवर अडलं होतं, आणि हे कारण सांगणाऱ्या गृहस्थांच्या नावाचं सभागृह अजून त्या गावात आहे, त्यात व्याख्यानं होतात. बाईंनी भांडून पाहिलं. मग त्यांनी सायकलनं जाता येईल असं एक तळं शोधलं. कुणाच्या खिजगणतीत नसलेलं, देवदारांच्या मधोमध, एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसणारं. शेतकऱ्याची होडी मागून घेतली. सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी जाळं टाकलं, मूठभर पर्च पकडले आणि बरणीत ठेवले. पुढच्या सप्टेंबरला पुन्हा. त्याच्या पुढच्या सप्टेंबरला पुन्हा.

मोठ्या बोटीवर गेलेल्या मुलांचे सुंदर प्रबंध झाले. बाईंच्या हातात राहिलं एकच तळं आणि त्याचं आख्खं आयुष्य, वर्षाला एक बरणी.

मला त्या बरण्या आता डोळे मिटून दिसतात. पहिल्या काही बरण्यांतल्या लेबलांवर मासे गोळा करणाऱ्याचं नाव आहे, होतं, बाईंच्या प्राध्यापकांचं. ते तळ्यावर एकदाही गेले नव्हते. पण तशी रीत होती. पुढे कधीतरी त्याखाली बाईंचं नाव आलं, मग नवऱ्याच्या आडनावानं, मग पुन्हा वडिलांच्या. अक्षर आधी शाळकरी आणि गोल, मग घाईचं, मग तिरकं. लेबल शिसपेन्सिलीनं लिहायचं, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि आमच्या कामातला एक नियम आहे: जुनं लेबल कधीही काढायचं नाही. चूक सापडली तर नवं लिहून बरणीत जुन्याच्या शेजारी सोडायचं, पण जुनं तसंच ठेवायचं. मी एकदा म्हटलं, बाई, त्या माणसाचं नाव तरी काढा. त्यांनी मान हलवली. "राहू दे. त्यानं काय केलं तेही टिकलं पाहिजे."

आता तेही जळलं.

माझा पहिला सप्टेंबर आठवतो. तळ्याकाठी थंडी पडली होती, मेपलची पानं लाल होऊन पाण्यावर पडलेली, कुणीतरी सफरचंदाचा गरम रस थर्मासातून ओतत होतं. बादलीत पर्च फिरत होते. बाईंनी पाण्यात लवंगेचं तेल टाकलं. त्यानं मासे आधी गुंगतात, मग झोपतात, मग मरतात. लवंगेचा वास आला आणि मला एकदम आमच्या नागपूरच्या घरातली दातदुखी आठवली, गालाशी रुमाल धरून बसलेले बाबा. मी अशा घरातून आलेले की जिथे अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात व्हायचं. मी बादलीपासून पाऊलभर मागे सरले. बाईंनी ते पाहिलं, पण धीर वगैरे दिला नाही.

"मारायला वाईट वाटतंय?"

"हो."

"वाटलंच पाहिजे. आपण ठेवायच्या बोलीवर मारतो. खाणारा खातो आणि विसरतो. आपण कायमचं ठेवायचं, सांभाळायचं. ते जमणार नसेल तर आत्ताच बादली उलटी कर."

मी बादली उलटी केली नाही. मी त्या बोलीवर हो म्हटलं. माझं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं, पदवी वगैरे नंतरच्या गोष्टी.

मासे पकडल्यानंतरचा दिवस भर घालायचा. बरणीचं झाकण कितीही घट्ट लावा, अल्कोहोल उडतंच. वर्षभरात बोटभर खाली जातं. मासा उघडा पडला की सुकतो, कुजतो, संपतो. म्हणून सगळे विद्यार्थी तळघरात जमायचे, एकेक बरणी उघडायची, पातळी बघायची, भर घालायची, झाकण पुसून परत जागेवर. दुपारी वरच्या व्हरांड्यात जेवण, प्रत्येकानं काहीतरी करून आणायचं. मी साबुदाण्याची खिचडी न्यायचे. हे दिवस बहुतेक पितृपक्षात यायचे. तिकडे आई आजी-आजोबांसाठी पान वाढायची आणि इकडे मी कोणाकोणाच्या बरणीत भर घालत असायचे. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तू पण तेच करतेस की.

आईनं पहिल्या वर्षी कैरीचं लोणचं दिलं होतं, काचेच्या बरणीत, वर फडकं बांधून. ते मी त्या दिवशी जेवणाला नेलं. बाईंनी चव घेण्याआधी बरणी उचलून उजेडात धरली.

"हे वरचं काय आहे?"

"तेल. फोडी तेलाच्या खाली राहिल्या पाहिजेत. वर आल्या की बुरशी धरते. म्हणून आई मधूनमधून तेल गरम करून, गार करून वरून ओतते."

बाईंनी बरणी फिरवून तेलाची पातळी बघितली. "तुझी आई क्युरेटर आहे," त्या म्हणाल्या. मग एक फोड तोंडात टाकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठसकल्या. त्यानंतर दर वर्षी आईकडून त्यांच्यासाठी वेगळी छोटी बरणी यायची. आई जाईपर्यंत येत राहिली.

तर अशा त्या बरण्या. कुणी विचारेल, त्यांचा उपयोग काय. माशाच्या कानात खड्याएवढं हाड असतं, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, त्यातून त्याचं वय कळतं. पोटातून कळतं की त्या वर्षी तळ्यात काय होतं. मांसातून कळतं की पाण्यात कुठलं विष उतरलं. काठावर बंगले व्हायच्या आधीचं तळं, नंतरचं तळं, बर्फ उशिरा धरायला लागलं तेव्हाचं तळं, सगळं त्या मांडणीवर ओळीनं उभं होतं. उद्या कुणी मुलगी येईल आणि आज आपल्याला सुचतही नाही असा प्रश्न विचारेल, तिच्यासाठी ठेवायचं. एक बरणी म्हणजे काही मेलेले मासे. पण रांग म्हणजे तळ्याची स्मरणशक्ती होती.

हे मी ब्रायनला सांगायला गेले. ब्रायन हा इमारतींमधल्या जागेचं नियोजन करणाऱ्या विभागाचा प्रमुख. चांगला माणूस. हेच तर वाईट आहे, सगळे चांगलेच असतात. त्यानं मला कॉफी विचारली.

"आम्ही काही नष्ट केलेलं नाही," तो म्हणाला. "नव्या इमारतीत शेल्फची जागा कमी आहे. म्हणून डुप्लिकेट्स काढले. बघा ना, एकाच तळ्यातला एकच मासा, आणि इतक्या बरण्या. आम्ही त्यातली सगळ्यात चांगली एक ठेवली आहे. खाली लॉबीत काचेच्या कपाटात लावली, मागे लाइट वगैरे सोडलाय. डॉक्टर रूथना आनंद होईल."

"सगळ्यात चांगली कुठली?"

"ज्यातलं पाणी स्वच्छ होतं ती. लेबल पण नीट वाचता येतं."

म्हणजे गेल्या वर्षीची. मी पकडलेली, मी लेबल लिहिलेली. बाईंच्या हातची एकही उरली नव्हती.

ब्रायनच्या पाठीमागे भिंतीवर त्याच्या मुलीचे फोटो होते. इथे आईबाप शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला दारात उभं करून फोटो काढतात, हातात पाटी, पाटीवर इयत्ता. दर वर्षी तोच दरवाजा, तीच पायरी, पोर तेवढं उंच होत जातं. बालवाडीतली दात पडलेली, पहिलीतली वेण्या घातलेली, पुढच्या फोटोत चष्मा आलेली, अशी ती मुलगी भिंतभर उभी होती.

"छान आहेत फोटो," मी म्हटलं. "पण एकाच दारातली एकच मुलगी. यातला सगळ्यात स्वच्छ एक ठेव, बाकीचे डुप्लिकेट आहेत."

त्यानं वळून भिंतीकडे बघितलं. कान लाल झाले. "हे वेगळं आहे," तो म्हणाला.

"कसं वेगळं, ते मला समजावून सांग."

मग तो प्रोसेसबद्दल बोलायला लागला, विभागांना ईमेल गेला होता, मुदत होती, हरकत आली नाही. टॉमचा गुडघा ऑपरेशनच्या टेबलावर होता तेव्हा ती मुदत संपली. कॉफी माझ्यासमोर गार होत गेली.

संध्याकाळी मोटेलमधून मंदारला फोन केला. तो पुण्याचा, आयटीतला, त्याला प्रत्येक गोष्टीचा बॅकअप असतो असं वाटतं.

"फोटो बिटो काढून ठेवले नव्हते का? डेटा तर असेल ना सिस्टिममध्ये?"

"यादी आहे. मासे नाहीत."

"बरं, ऐक, तू चिडू नकोस. आणि बाईंना सांगू नकोस यार. त्या वयात कशाला त्रास? रविवारी जा, मासे पकड, नेहमीसारखं मॅनेज कर. त्यांना काय कळणार आहे?"

मागून माझी मुलगी इरा म्हणाली, "मॉम, प्लीज डोन्ट येल ॲट पीपल."

टॉमही हेच म्हणाला होता, सांगू नकोस. ब्रायनच्या विभागातली एक सेक्रेटरीही दारापर्यंत येऊन हळूच म्हणाली, वयस्कर माणसाला जपून सांगा किंवा नका सांगू. सगळ्यांनी मिळून किती प्रेमानं ठरवलं होतं. बोटीवर तुला झेपणार नाही, असंही त्या काळी कुणीतरी प्रेमानंच म्हटलं असेल. मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून ओरडले. इराचं म्हणणं तेवढं पाळलं.

बाई आता गावाबाहेरच्या वृद्धांच्या घरात राहतात. पाय गेलेत, डोकं शाबूत आहे. खोलीत खिडकीशी खुर्ची, खिडकीत आईच्या लोणच्याची रिकामी बरणी, तिच्यात पेन्सिली. मी शनिवारी सकाळी गेले, समोर बसले आणि सगळं सांगितलं. एकही गोष्ट मऊ केली नाही.

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, त्याचा कच्चा हिरवा वास खिडकीतून येत होता. मग त्यांनी विचारलं, "ठेवली ती कुठल्या वर्षाची?"

"गेल्या वर्षीची."

त्या हसल्या. असं हसणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "म्हणजे तळं गेल्या वर्षी सुरू झालं," त्या म्हणाल्या.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. मी पाणी द्यायला उठले तर त्यांनी मला खाली बसवलं. "हे म्हातारपण नाहीये. राग आहे. ऐंशी वर्षं लोक मला सांगतायत, रूथ, शांत हो. बाथरूम नाही, रूथ, शांत हो. पेपरवर नाव दुसऱ्याचं, रूथ, शांत हो. तू पण मला पाणी देणार आहेस?"

मी ग्लास खाली ठेवला. मग आम्ही दोघी त्या खोलीत नुसत्या रागावून बसलो. जेवणाची घंटा झाली तरी बसलो. किती तरी दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"उद्या रविवार आहे," निघताना त्या म्हणाल्या. "बरणी आण. पेन्सिल माझ्याकडे आहे."

रविवारी ऊन होतं आणि वारा गार होता. टॉमनं बाईंची चाकाची खुर्ची लाकडी धक्क्यापर्यंत ढकलत नेली. काठावरच्या बंगल्यांतून कुठेतरी मांस भाजल्याचा धूर येत होता, पलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. मी रबरी विजार चढवून पाण्यात उतरले. जाळ्याचं एक टोक टॉमनं काठावर धरलं, लंगडत का होईना, आणि दुसरं घेऊन मी अर्धं वर्तुळ फिरले. पाय चिखलात रुतत होते. देवदारांची सावली पाण्यावर तशीच होती, मेपल तसेच लाल, गुडघ्यापाशी तोच गारठा. जाळं ओढलं तर पर्च भरभरून आले, केशरी पंखांचे, तडफडणारे. बादली धक्क्यावर आणून ठेवली. बरणी उघडली. लवंगेच्या तेलाची बाटली काढली, टोपण फिरवलं आणि तो वास आला.

"थांब," बाई म्हणाल्या.

त्यांनी वाकून बादलीत बघितलं. मासे गोल गोल फिरत होते.

"ही बोली होती, आठवतं? ठेवायच्या बोलीवर मारायचं."

"आठवतं."

"आता ठेवणार कोण?"

मी म्हटलं, मी ठेवीन, माझ्या कॉलेजात ठेवीन, घरात ठेवीन. त्यांनी मान हलवली. "तू आहेस तोवर. मग तुझ्याकडेही एक ब्रायन येईल. मी आयुष्यभर यांचे जीव घेतले ते कुणाच्या तरी शब्दावर. त्यांनी शब्द मोडला. आता मी एकही मारणार नाही." आणि मग, ज्यांच्या तोंडून मी कधी साधा वाईट शब्द ऐकला नव्हता, त्या बाईंनी विद्यापीठाला एक सणसणीत शिवी घातली. टॉमनं टोपी काढली.

"तू का गप्प आहेस?" त्या माझ्यावर कडाडल्या. "ओरड की."

मी तळ्याकडे तोंड करून ओरडले. लहानपणी आमच्या मोहल्ल्यात ऐकलेलं, कधी तोंडावर न आणलेलं, सगळं नागपुरी भांडार रिकामं केलं. पलीकडचं कुत्रं गप्प झालं.

"याचा अर्थ काय?"

"बाई, हे इंग्रजीत होत नाही."

त्या हसल्या, या वेळी नेहमीसारख्या. मग मी बादली उलटी केली. इतक्या वर्षांपूर्वी न केलेली ती गोष्ट मी त्यांच्यासमोर, त्यांच्या सांगण्यावरून केली. पर्च क्षणभर उथळ पाण्यात थबकले आणि मग दिसेनासे झाले.

मला वाटलं संपलं. पण बाईंनी कागदाचा तुकडा मांडीवरच्या पाटीवर धरला आणि पेन्सिलीनं लेबल लिहायला घेतलं. तळ्याचं नाव, तारीख, पाण्याचं तापमान, पकडणाऱ्यांत माझं आणि टॉमचं नाव, स्वतःचं नुसतं रूथ. त्याखाली, जिथे माशांची संख्या लिहायची असते तिथे, त्यांनी लिहिलं: पकडले, सोडून दिले, ठेवायला कुणी उरलं नाही. लिहायला फार वेळ लागला. अक्षर पुन्हा शाळकरी झालं होतं, मोठं आणि गोल. मी ते बरणीत सोडलं, वर अल्कोहोल ओतलं आणि झाकण लावलं.

"टॉम, या बरणीला संग्रहाचा नंबर दे," बाई म्हणाल्या. "पुढचा नंबर." मग माझ्याकडे वळल्या. "आणि त्यांनी ठेवलेल्या त्या बरणीत भर घालून ये. मासे त्यांनी ठेवलेत, पण भर घालायची असते हे त्यांना माहीत नसणार."

सोमवारी मी लॉबीत गेले. काचेच्या कपाटात दिव्याच्या उजेडात माझी गेल्या वर्षीची बरणी होती, आणि दिव्याच्या उष्णतेनं अल्कोहोल बोटभर खाली आलं होतं. एका पर्चची शेपटी उघडी पडली होती. टॉमनं किल्ली लावली. मी झाकण काढलं आणि तो वास आला. स्पिरिटचा, कागदाचा, तळाशी माशांचा. त्या चकचकीत लॉबीत तो भसकन पसरला, दोन विद्यार्थ्यांनी नाक मुरडलं. मी सावकाश भर घातली. काठोकाठ, बोटांवरून ओघळेपर्यंत. दिवा बंद केला. मग तिच्या शेजारी बाईंची बरणी ठेवली, लेबल बाहेरून वाचता येईल अशी वळवून.

वासामुळे असेल, ब्रायन खाली आला. त्यानं काचेतून वाकून बघितलं. लेबल वाचलं, पुन्हा वाचलं.

"पण यात तर काहीच नाहीये," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "म्हणजे ही तरी डुप्लिकेट नाही."

तो पुन्हा लेबलाकडे वाकला. ती बरणी त्यानं अजून हलवलेली नाही, असं टॉम परवा फोनवर म्हणाला. मी मात्र तेव्हा थांबले नाही, बॅग उचलली आणि निघाले. विस्कॉन्सिनभर स्टिअरिंगला तो वास येत होता. वाटेत पेट्रोल भरायला थांबले, सँडविच खाल्लं, हात धुतले नाहीत.